मनगटावरचं रबर: घड्याळाचा पट्टा कसा जपायचा आणि कधी बदलायचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक सिलिंडर खोलणाऱ्या माणसाचं ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) मागताना नुसतं ‘रबराची द्या’ म्हणून भागत नाही. नायट्राईल हवी की व्हायटन (ही कृत्रिम रबरांची नावं), आत तेल कुठलं, ते किती तापतं, हे सगळं ठरल्यावरच सील हातात पडते. चुकीची बसली तर ती फुगते, नाहीतर कडक होऊन चिरते, आणि सिलिंडर गळायला लागतो. बेळगावच्या कारखान्यांत हे ज्ञान मुरलेलं आहे. पण तोच माणूस संध्याकाळी घरी आला की मनगटावरचा पट्टा त्याच्या लेखी नुसता ‘रबरी पट्टा’ असतो. पांढुरका पडला की खोबरेल चोळायचं, काळा डाग दिसला की रॉकेलच्या बोळ्यानं पुसायचा, चीर पडली की झटपट चिकटणारा डिंक लावायचा. वर्षभरात पट्टा गेला की दोष पावसाला.

पावसाचा दोष थोडा आहेच, त्याकडं येतोच. पण आधी सीलच्या बाबतीत विचारतो तोच प्रश्न पट्ट्याच्या बाबतीत विचारायला हवा: हे रबर कुठलं? दुकानात ‘रबरी’ म्हणून मिळणारे पट्टे किमान सहा वेगवेगळ्या पदार्थांचे असतात. एकाला जे मानवतं ते दुसऱ्याला मारक ठरतं. आपला पट्टा कशाचा आहे हे कळलं की तो धुवायचा कसा, ठेवायचा कुठं आणि बदलायचा कधी, यांची उत्तरं जवळजवळ आपोआप मिळतात.

आत नेमकं काय असतं

रबर म्हणजे अतिशय लांब रेणूंचा गुंता. उकडलेल्या शेवया ताटात पडाव्यात तसे हे रेणू एकमेकांत अडकलेले असतात. नुसते असेच ठेवले तर उन्हाळ्यात ते चिकट होतात आणि थंडीत कडक. झाडाच्या चिकापासून केलेल्या रबराची पूर्वी हीच अडचण होती. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला उपाय सापडला: रबरात गंधक घालून तापवलं की एका रेणूला दुसरा मधेमधे जोडला जातो. या प्रक्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. सांधे बसले की गुंता सुटत नाही, ताणला तरी पुन्हा जागेवर येतो. याचं पेटंट १८४४ चं आहे आणि आपल्या स्कूटरचा टायर आजही त्याच तत्त्वावर उभा आहे.

पट्टा खराब होतो म्हणजे या रचनेत दोनपैकी एक गोष्ट घडते. रेणू तुटतात, मग पट्टा चिकट, लिबलिबीत होतो किंवा त्याचा चुरा पडतो. नाहीतर नको तिथं आणखी सांधे बसतात, आणि पट्टा कडक होऊन वाकवला की चिरतो. दोन्ही बदल कायमचे असतात. कडक झालेला पट्टा कशानंही परत मऊ होत नाही. तेलानं तो चकचकीत दिसतो, पण आतला बिघाड तसाच राहतो.

तुमचा पट्टा कुठला?

सगळ्यात जास्त मनगटांवर असतो तो पॉलीयुरेथेनचा. डिजिटल घड्याळांवर याला ‘रेझिन’ म्हणतात. कॅसिओचं जी-शॉक १९८३ मध्ये आलं, स्वस्त आणि मस्त एफ-९१डब्ल्यू १९८९ मध्ये. दोन्हींचे पट्टे रेझिनचे. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच असल्यामुळं भरतीची तयारी करणारी पोरं इथं पहाटे धावताना कायम दिसतात, आणि स्टॉपवॉचसाठी त्यांच्या हातात असं डिजिटल घड्याळ असतं. हा पदार्थ चिवट आहे, घासला तरी झिजत नाही, वजनाला हलका. पण त्याचा एक शत्रू आहे: पाणी, आणि तेही ऊबदार, दमट हवेतलं. पॉलीयुरेथेनच्या काही प्रकारांत रेणूंची साखळी ज्या सांध्यांनी जोडलेली असते ते सांधे पाण्यानं हळूहळू उसवतात. रसायनशास्त्रात याला जलापघटन म्हणतात. म्हणून सात-आठ वर्षं कपाटात न वापरता पडलेल्या डिजिटल घड्याळाचा पट्टा हातात घेतल्याबरोबर मोडतो, कधी तर बिस्किटासारखा भुगा होतो. ‘वापरलाच नव्हता, मग खराब कसा झाला?’ असं लोक विचारतात. पाणी हवेतच असतं, त्याला वापराची गरज नसते. जांबोटी, कणकुंबीकडं चार महिने भिंतींनाही ओल सुटते, तिथं हे आणखी लवकर घडतं. घाम आणि ऊब त्यात भर घालतात.

दुसरा सिलिकॉन. बहुतेक स्मार्टवॉचबरोबर हाच येतो. याच्या साखळीत कार्बनऐवजी सिलिकॉन आणि ऑक्सिजन आळीपाळीनं असतात, त्यामुळं ऊन, उष्णता आणि पाऊस याला फारसे बाधत नाहीत. अंगाला मऊ लागतो. पण दोन खोडी आहेत. याला धूळ आणि कापसाचे तंतू पटकन चिकटतात, आणि तो फाटायला हलका असतो. पिनच्या (पट्टा घड्याळाला अडकवणाऱ्या बारीक सळीच्या) भोकापाशी एक बारीक चीर पडली की ती सरळ पुढं धावते. एरवी नवाकोरा दिसणारा सिलिकॉनचा पट्टा अचानक तुटतो तो यामुळं.

तिसरं खरं नैसर्गिक रबर, झाडाच्या चिकाचं. ते लवचीक असतं, ताणलं तरी सहज फाटत नाही. महागड्या घड्याळांत सोन्याच्या डबीला (काटे आणि यंत्र ज्यात असतं ती) रबरी पट्टा लावण्याची कल्पना हुब्लो या स्विस कंपनीनं १९८० मध्ये आणली तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. तो पट्टा नैसर्गिक रबराचाच होता. मात्र तेल, पेट्रोल, ऊन आणि ओझोन या चौघांपुढं हे रबर कमकुवत पडतं.

नायट्राईल आणि ईपीडीएम हे कारखान्यातले ओळखीचे चेहरे. नायट्राईल तेलाला दाद देत नाही, ऊन आणि ओझोन मात्र त्याला सोसत नाहीत. ईपीडीएमचं बरोबर उलटं: उन्हातान्हात टिकतं, तेलात फुगतं. पट्ट्यांत दोन्ही वापरतात, पण पाकिटावर नाव क्वचितच छापतात.

मग एफकेएम, म्हणजे फ्लोरोइलास्टोमर. ड्यूपॉन्टनं १९५७ मध्ये व्हायटन या नावानं बाजारात आणलेलं रबर याच कुळातलं. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध अतिशय घट्ट असल्यानं तेल, उष्णता, ओझोन, घाम यांतलं काहीच याला सहजी लागत नाही. २०१५ च्या पहिल्या ॲपल वॉचचा स्पोर्ट पट्टा याच जातीचा होता. किंमत जास्त, पण माझ्या मते आपल्या हवेत आणि कारखान्याच्या कामात एकदाच पैसे घालायचे तर इथं घालावेत.

राहिलं पीव्हीसी. हे रबर नाहीच, पातळ करणारी तेलं मिसळून मऊ केलेलं प्लॅस्टिक आहे. ती तेलं हळूहळू बाहेर येतात. पट्टा आधी चिकट आणि मग ताठ होतो. जत्रेत, फुटपाथवर मिळणारे सगळ्यात स्वस्त पट्टे बहुधा याचे. लहान पोराच्या खेळण्यातल्या घड्याळाला चालेल, रोजच्या घड्याळाला घेऊ नये.

ओळखायचं कसं? वास घेऊन बघा: पीव्हीसीला नव्या रेक्झिनसारखा उग्र वास येतो, नैसर्गिक रबराला टायरच्या दुकानासारखा (काही कंपन्या तो झाकायला व्हॅनिलाचा सुगंध घालतात), सिलिकॉनला जवळजवळ काहीच नाही. काळ्या शर्टावर घासा: तंतू चिकटून आले तर सिलिकॉन. वजन बघा: एफकेएमची घनता पाण्याच्या पावणेदोन-दोनपट असते, त्यामुळं त्याच जाडीच्या दुसऱ्या पट्ट्यापेक्षा तो हाताला स्पष्ट जड लागतो. हार्ड, चकचकीत, वाकवल्यावर थोडा रेटा देणारा आणि घड्याळाच्या आकाराला तंतोतंत जुळणारा असेल तर रेझिन. एक काम मात्र करू नका: काडी लावून जाळून बघणं. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, एफकेएममधून हायड्रोफ्लोरिक आम्लाची. दोन्ही फुप्फुसाला घातक आहेत, दुसरी तर फारच.

घाम, ऊन, तेल आणि वेल्डिंग

घाम म्हणजे खारं पाणी आणि त्वचेवरचं तेल. पट्ट्याच्या आतल्या बाजूला ते साबणाच्या फेसाबरोबर आणि धुळीबरोबर बसतं आणि राखाडी थर तयार होतो. पट्ट्याइतकंच नुकसान पिनचं होतं, पण पिन दिसत नाही म्हणून लक्षात येत नाही.

ओझोनचं गणित थोडं समजून घेण्यासारखं आहे. हवेत तो अगदी कमी असतो, तरी ताणलेल्या नैसर्गिक रबराला आणि नायट्राईलला तो तेवढाही पुरतो. ताणाच्या आडव्या दिशेनं बारीक बारीक चिरा पडतात, तशाच ज्या जुन्या सायकलच्या टायरच्या कडेला दिसतात. पट्टा बक्कलपाशी आणि डबीपाशी वाकलेला असतो, म्हणून चिरा तिथंच आधी येतात. आर्क वेल्डिंगच्या ठिणगीभोवती आणि ब्रशवाल्या विजेच्या मोटारींजवळ ओझोन तयार होतो, आणि वेल्डिंगमधून तीव्र अतिनील किरणही निघतात. म्हणून वेल्डिंग करणाऱ्यानं नैसर्गिक रबराचा पट्टा कामावर घालू नये. खरं तर तिथं घड्याळच खिशात ठेवलेलं बरं. फिरत्या यंत्रावर काम करताना तर हातात घड्याळ नसावंच, पट्टा अडकून हात ओढला जातो.

रबर बनवणारे ओझोनपासून संरक्षण म्हणून त्यात थोडं मेण घालतात. ते हळूहळू वर येतं आणि पृष्ठभागावर पातळ पांढुरका थर देतं. नवा पट्टा काही महिन्यांत पांढुरका पडला की लोकांना वाटतं बुरशी आली. बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते, लोकरीसारखी दिसते आणि कुबट वास येतो. मेणाचा थर सगळीकडं सारखा आणि कोरडा असतो. तो दिसायला नको असेल तर ओल्या कापडानं हलकेच पुसा, पण घासून घासून काढू नका. तो पट्ट्याच्याच भल्यासाठी आलेला असतो.

आता तेल. खोबरेल, सरसों, पेट्रोलियम जेली, हातात सापडेल ते आपण चोळतो. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम तेल पितात आणि फुगतात. फुगलेलं रबर मऊ लागतं, म्हणून उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण त्याची ताकद घटते. रॉकेल आणि पेट्रोल याहून वाईट, सिलिकॉनही त्यात फुगतं. निपाणीकडं तंबाखूच्या शेतात पानांचा चीक हातांना आणि पट्ट्याला बसतो, तो काढायला रॉकेल हमखास निघतं. त्याऐवजी भांडी घासायचं द्रव साबण आणि कोमट पाणी दोनदा-तीनदा वापरा. वेळ लागेल, पण पट्टा वाचेल. शेतात फवारणी असेल तर घड्याळ घरी ठेवा. पट्ट्याखाली अडकलेलं औषध तासन्‌तास कातडीला लागून राहतं, हा घड्याळाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

डासांची काही क्रीम प्लॅस्टिक आणि पॉलीयुरेथेन विरघळवतात, विशेषतः ज्यांत डीट हे डास पळवणारं रसायन असतं ती. क्रीम लावा, सुकू द्या, हात धुवा, मग घड्याळ घाला. अत्तराचा फवाराही पट्ट्यावर मारू नये.

धुणं

पट्टा धुण्यापूर्वी घड्याळ पाणी सोसतं का ते बघा. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलं म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं एवढंच. तीस मीटर खोल पोहता येतं असा त्याचा अर्थ होत नाही. घड्याळाला रबरी पट्टा आहे म्हणून ते वॉटरप्रूफ आहे, हा तर निव्वळ गैरसमज. आपल्याकडं कित्येक घरांत आजोबांचं एचएमटी आहे, बेंगळुरूच्या कारखान्यात सिटिझनच्या सहकार्यानं १९६१ पासून बनलेल्या घड्याळांपैकी. हौसेनं त्याला रबरी पट्टा लावला तरी डबी तीच जुनी असते, पाणी आत जाणारच. अशा घड्याळाचा पट्टा काढूनच धुवावा.

पाणी कोमट घ्या, कढत नको. साबणाचा एक थेंब, आणि मुलायम जुना ब्रश. आतली बाजू, भोकं आणि डबीला टेकणारी टोकं नीट घासा, मळ तिथंच साठतो. भरपूर पाण्यानं साबण काढा. उरलेला साबण हाच पुष्कळदा मनगटाला खाज आणतो. पुसा आणि सावलीत पंख्याखाली सुकवा. उन्हात टाकू नका, चुलीपाशी ठेवू नका, केस सुकवायच्या यंत्राची गरम हवा मारू नका. पावसाळ्यात खानापूर भागात रात्रभरात काहीच सुकत नाही, तेव्हा सुती कापडानं आधी नीट टिपून घ्या. रोज घालणाऱ्यानं आठवड्याला एकदा, पळणाऱ्यानं आणि शेतात जाणाऱ्यानं परतल्यावर रोज साध्या पाण्यानं खळबळून घेतलं तरी पुष्कळ आहे.

चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला किंवा कारवारला समुद्रात पोहून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा. सुकलेलं मीठ पिनच्या स्प्रिंगमध्ये शिरतं आणि दोन-चार महिन्यांत तिला गंज चढतो.

हळदीची गोष्ट वेगळी सांगायला हवी. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत किंवा अप्पाची वाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो, आणि पांढरा सिलिकॉनचा पट्टा पिवळाधमक होऊन घरी येतो. साबणानं तो रंग निघत नाही. पण हळदीतला रंग उजेडात टिकत नाही, आणि सिलिकॉनला ऊन बाधत नाही. म्हणून धुतलेला पट्टा दोन-तीन दिवस उन्हात ठेवला की डाग फिका पडतो. उन्हाचा उपयोग करायचा तो एवढ्या एका प्रकरणात. नैसर्गिक रबराला किंवा रेझिनला हा उपाय करू नये. जीन्सचा निळा रंग मात्र एकदा आत मुरला की कशानंही जात नाही, फिकट पट्टा घेणाऱ्यानं ते गृहीत धरावं.

मनगट लाल होत असेल तर आधी पट्टा एक भोक सैल करा, पट्टा आणि मनगट दोन्ही कोरडे ठेवा. बहुतेक वेळा अडकलेली ओल आणि साबण हेच कारण असतं. तरीही पुरळ राहिलं तर रबर तयार करताना वापरलेल्या रसायनांची किंवा बक्कलमधल्या निकेलची ॲलर्जी असू शकते. पुरळ फक्त बक्कलच्या आकाराचं असेल तर संशय निकेलवर घ्या. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवताना घड्याळ बरोबर न्या.

बदलायची वेळ

पट्टा काढून उलट्या बाजूला वाकवा, इंग्रजी यू अक्षरासारखा, आणि उजेडात तीन ठिकाणी बघा: पिन जाते तिथं, बक्कलची जीभ ज्या भोकात रोज बसते तिथं, आणि डबीला लागून वाकतो तिथं. बारीक आडव्या चिरा, लांबट झालेलं भोक, पांढरी रेघ किंवा बोटाला चिकटपणा यांपैकी काहीही दिसलं तर पट्टा बदला. तो ज्या दिवशी तुटेल त्या दिवशी तुम्ही मोटारसायकलवर असाल किंवा विहिरीवर, आणि पट्ट्याबरोबर घड्याळही जाईल. झटपट चिकटणारा डिंक वापरू नका: तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या शेजारी नवी चीर पडते, सिलिकॉनला तर तो धरतच नाही.

माझ्या मते पट्ट्यापेक्षाही पिनकडं जास्त लक्ष द्यायला हवं. पिन म्हणजे एक बारीक नळी, आत स्प्रिंग, आणि दोन्ही टोकांना दबणारी टोकं. डबीच्या चार पायांत, ज्यांना घड्याळवाले लग म्हणतात, छोटी भोकं असतात. टोकं त्यांत बसतात. आख्खं घड्याळ या दोन पिनांवर लटकलेलं असतं. टोक दाबून सोडल्यावर ते झटकन बाहेर येत नसेल, पिन वाकलेली असेल किंवा तांबूस दिसत असेल, तर ती टाकून द्या. नवा पट्टा घेताना नव्या स्टीलच्या पिना घ्याच. पट्ट्याच्या मानानं त्यांची किंमत नगण्य असते.

माप घेताना पट्टा मोजू नका, दोन लगांमधलं अंतर मोजा. व्हर्निअर असेल तर उत्तम, नाहीतर मिलिमीटरची पट्टी. नेहमीची मापं १६, १८, २०, २२ आणि २४ मिमी. एचएमटीच्या जुन्या पुरुषी घड्याळांत बहुधा १८ येतं. १९ किंवा २१ निघालं तर पुन्हा एकदा मोजा, अशी घड्याळं असतात. १९ च्या जागेत २० चा रबरी पट्टा दाबून बसतो खरा, पण कडा घासून झिजतात. २० च्या जागेत १८ चा घातला तर तो हलतो आणि पिन मधून वाकते. पिनची जाडीही बघा: साध्या घड्याळाची दीड ते पावणेदोन मिमी, सेकोच्या डायव्हर घड्याळांची अडीच मिमी. जाड पिनचा पट्टा बारीक पिनवर खुळखुळतो.

टोकाचा आकारही जुळायला हवा. सरळ टोकाचा पट्टा कुठल्याही गोल डबीला बसतो, मधे फट दिसते एवढंच. वक्र टोकाचा फक्त त्याच मॉडेलला. जी-शॉकचं तर वेगळंच: त्याचा पट्टा ठरावीक मॉडेलचाच लागतो. मागच्या झाकणावर चौकटीत एक आकडा कोरलेला असतो, तो मॉड्यूल क्रमांक. दुकानदाराला मॉडेलच्या नावाबरोबर तोही सांगा. त्याच्या डबीभोवतीचं कवचही त्याच रेझिनचं असतं. पट्टा भुगा झाला असेल तर कवचही त्याच वाटेवर आहे, दोन्ही एकदम बदला. स्क्रू असतील तर बरोबर मापाचा पेचकस वापरा आणि हलक्या हातानं आवळा.

खडेबाजार, गणपत गल्लीकडं घड्याळवाल्याकडून पट्टा घेताना दर्शनी भागात टांगलेला घेऊ नका. रोज त्यावर ऊन आणि रस्त्याची धूळ पडलेली असते. आतल्या बंद पाकिटातला मागा, तिथंच वाकवून आणि वास घेऊन बघा. घड्याळवाला बसवूनही देतो, आणि पहिल्यांदा त्याचा हात बघून घेतला तर पुढच्या वेळी घरी जमतं.

घरी करायचं तर एका मोठ्या ताटात मऊ फडकं पसरा, कारण पिन उडते आणि पुन्हा सापडत नाही. चष्मा नसेल तर डोळ्यांसमोर धरून काम करू नका. लगांच्या आतल्या कडेला चिकटपट्टी लावली की ओरखडे पडत नाहीत. दुहेरी टोकाचं छोटं हत्यार मिळतं, त्याचं काट्यासारखं टोक पट्टा आणि लग यांच्या फटीत घाला, पिनच्या खांद्यावर टेकवा, आतल्या बाजूला दाबा आणि अलगद वर उचला. रबर जाड असल्यानं फट दिसत नाही. पट्टा अंगठ्यानं एका बाजूला ढकलला की दिसते. सुरी वापरू नका. काही डबींना लगच्या बाहेरून आरपार भोक असतं, तिथं बाहेरून बारीक काडी दाबली की झालं. नव्या पट्ट्यांच्या पिनला पुष्कळदा छोटी कळ असते, ती नखानं सरकवली की पट्टा सुटतो.

बसवताना बक्कलचा आखूड भाग १२ च्या बाजूला, भोकांचा लांब भाग ६ च्या बाजूला. पिन पट्ट्यात घाला, एक टोक लगात बसवा, दुसरं दाबून सरकवा. टक्‌ असा आवाज येतो, पण आवाजावर विसंबू नका. पिन थोडी डावी-उजवीकडं हलवून बघा आणि मग पट्टा जोरात ओढा, आधी सरळ, मग तिरका. सुटायचा असेल तर ताटात सुटू दे.

कापून मापात आणायचे पट्टे असतील तर दोन्ही बाजूंनी एकेक खाच कापा, घालून बघा, मग पुढची. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही. एरवी पट्टा इतकाच घट्ट ठेवा की खाली करंगळी जाईल. दुपारच्या उन्हात आणि पळताना मनगट फुगतं, घट्ट पट्ट्याची भोकं त्यामुळंच लांबतात. सेकोनं १९७५ च्या डायव्हर घड्याळाच्या पट्ट्यात घड्या ठेवल्या त्या याच्या उलट कारणासाठी: खोल पाण्यात पाणबुड्याचा रबरी पोशाख दाबला जाऊन पातळ होतो आणि पट्टा सैल पडतो, तेव्हा घड्या आवळून तो घट्ट धरतात.

जादा पट्टा घेऊन ठेवायचा असेल तर रबराचा ठेवा, रेझिनचा ठेवू नका. तो पाकिटातच जुना होतो. रबरी वस्तू साठवण्यासाठी आयएसओ २२३० हे मानक आहे, त्यात तापमान २५ अंशांच्या खाली, अंधार आणि कुठलाही ताण नसलेली जागा सांगितली आहे. घरच्या भाषेत, खालच्या कप्प्यात, सरळ ठेवून, वर काही दडपून न ठेवता. नैसर्गिक रबरावर थोडी टाल्कम पावडर भुरभुरली की ते चिकटत नाही, सायकलवाले नव्या ट्यूबला लावतात तशीच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात गुंडाळू नका, त्यातली तेलं पट्ट्यात उतरतात.

आणि एखादं घड्याळ वापरात नसेल, आजोबांचं म्हणून जपायचं असेल, तर त्याचा पट्टा आणि पिना काढून वेगळ्या ठेवा. जुना होत चाललेला रेझिनचा पट्टा वितळल्यासारखा होऊन डबीला डाग पाडतो, आणि पीव्हीसीतून निघणारं आम्ल धातूला खातं. डबी सुती कापडात गुंडाळून वेगळी ठेवलेली असली की नवा पट्टा कधीही बसवता येतो.